ओट्सचे दहा पुडे

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको रक्ताचे रिपोर्ट चाळत होते.

“अहो, दोघांचीही साखर वाढली कशी? किराणा तर तुम्हीच ऑनलाइन मागवता.”

“मी बिस्किटं टाकली की अ‍ॅप म्हणतं, ‘त्याऐवजी ओट्स घ्या.’ मी मुकाट्यानं घेतो.”

“म्हणून माळ्यावर दहा पुडे पडलेत?”

“दर पुड्यामागे अ‍ॅपवर एक हिरवं पान मिळतं. दहा पानं झाली की बक्षीस.”

“कसलं?”

“बिस्किटांचा डबा.”

“म्हणजे तो निळा डबा? भावजींनी पाठवला म्हणालात ना!”

“आणि तू रोज चहाला म्हणायचीस, ‘अजून दोन काढा.’”

तिनं रिपोर्ट घडी करून पर्समध्ये टाकले.

“चल, आपला नंबर आला.”

“थांबा. डॉक्टरांसमोर फक्त ओट्सचं बोलायचं.”