हलकी पेडल स्टील

"आवाज अगदीच पातळ आहे हिचा."

वाद्यांच्या दुकानात माझ्यापुढे सत्तरीचे एक वादक पायाने पेडल दाबून सूर चढवायच्या आडव्या पेडल स्टील गिटारीपाशी बसले होते. शेजारी बायको उभी.

"अहो, पण वजन निम्मं. मला उचलता येईल."

"मी काय मेलोय?"

"चाळीस वर्षं मीच उचलतेय. तुम्ही टाळ्या घेतल्यात."

"बरं बाई! पण पेडल दाबलं तरी सूर चढत नाहीये. बिघडलंय."

"आत्ता वाजवून पाहिलेल्या आधीच्या दोन्हींचंही पेडल बिघडलेलंच होतं?"

"हलका माल, दुसरं काय! आपली जुनीच बरी."

"जुनीबद्दलही महिनाभर हेच म्हणत होतात."

"अगं, मग बिघडलंय तरी काय?"

"पेडल ठीक आहे हो. तुमचा पाय केव्हाचा बाजूला फरशीवर आहे. तुम्हाला आता ते कळत नाही."