आंब्याच्या पेटीतल्या कोंबड्या

माझं नाव आनंदी. चाळीत मला कोंबडीवाली म्हणतात, तोंडावर नाही, पाठीमागं, पण मला ऐकू येतं आणि त्याचं काही वाटतही नाही. माहेर देवगडच्या बाजूचं. घर खाडीच्या वरच्या अंगाला, मागे परडं, परड्यात दोन फणस आणि आयेच्या कोंबड्या. सकाळी खुराड्याचं दार काढलं की त्या ज्या उधळायच्या त्या दिवेलागणीला आपल्या पायांनी परत. आये त्यांच्यामागं कधी धावली नाही. घाईघाईत एखादीला डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, दाबून ठेवली तर आये ओरडायची, कोंबडेक देवान पाय दिल्यान ते उकरूक, बसून रवाक न्हय. हे मी लहानपणी ऐकलं, रोज ऐकलं, आणि तरी पुढं मी जे केलं ते केलं. ते सांगते, पण क्रमानं सांगते, नाहीतर तू लिहून घेताना गोंधळशील.

लग्न करून भांडुपला आले. आमचे हे तेव्हा गिरणीत. चाळ टेकडीच्या पोटाशी, दहा खोल्या ओळीनं, पुढं गटार, मागं मोकळी जागा. मोकळी म्हणजे काय, टेकडीची माती पावसात खाली येऊन साचलेली, पपईचं एक झाड, एक अडुळसा, आणि लोकांनी टाकलेली घाण. फुटक्या कपबशा, केस, मेलेला उंदीर, सगळं मागच्या खिडकीतून. मी ती जागा साफ केली. एकटीनं. कोण आलं नाही हात लावायला, पण मी झाडू मारत असताना खिडकीतून केळ्याचं साल मात्र आलं, माझ्या खांद्यावर पडलं. हे लिही.

पहिल्या कोंबड्या मी गावाहून आणल्या, टोपलीत, बोटीतून. सोडल्या मागं मोकळ्या. मला वाटलं आयेच्या परड्यासारखंच. एका दुपारी मुंगूस आला टेकडीवरून, तीन मारल्या, खाल्ली अर्धीच. पिल्लं घारीनं उचलली. म्हणजे नुसती जागा देऊन भागत नाही, काय सांगू तुला बाय, जागा पायजे आणि ती राखलेली पायजे. गावाला माणसं असतात, कुत्रा असतो, आरडाओरडा होतो. इथं खिडकीतून लोक बघत होते मुंगूस कसा ओढतो ते. एक जण म्हणाला, काय झकास पकडली रे!

मग आमच्या ह्यांनी भंगारातून जाळी आणली. लांबीला बारा पावलं, रुंदीला पाच पावलं, बांबू ठोकले, आणि जाळी नुसती जमिनीपर्यंत नाही, हातभर खाली पुरली, कारण घूस खालून उकरून येते. वरून काय घालायचं? आमच्याकडं मासे घेऊन यायची ती कोळीण म्हणाली, आमचं फाटलं जालं हाय, नेतेस काय? ते जाळं वर ताणलं. घार यायची, वर फेऱ्या मारायची आणि जायची. अडुळशाची सावली आत घेतली. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि माती, कोंबड्या त्यात लोळतात, ती त्यांची आंघोळ, तिनं उवा मरतात. रात्रीला खुराडं वेगळं, फळीचं. आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. बारा पावलं जागेत आठ कोंबड्या कशा फिरतात बघशील तर तुला कळेल, सगळ्या एकदम एका जागी कधी नसतात. एकीचं दुसरीशी पटलं नाही की ती तिकडच्या टोकाला जाते. बस, भांडण संपलं. माणसाला पण तेवढंच पायजे असतं.

गिरणीचा संप झाला, ह्यांची नोकरी गेली. मग हे एका कारखान्यात वॉचमन लागले. त्या मधल्या दिवसांत माझ्या पोरांच्या पोटात जे सत्त्व गेलं ते ह्या कोंबड्यांचं. आणि माझ्याच नाही. चाळीत कोण बाळंत झाली की गावठी अंडं आनंदीकडं. कोणाला कावीळ, कोणाला अशक्तपणा, आनंदीकडं. आमच्याच चाळीतल्या घाडीवहिनीच्या लेकीचं बाळंतपण माझ्या अंड्यांवर झालं. आणि वर्षाचा राखणेचा कोंबडा, तो पण माझाच.

राखण तुला माहीत नसेल. आम्ही कोकणातली माणसं जिथं जातो तिथं त्या जागेचा एक राखणदार असतो असं मानतो. टेकडीच्या पायथ्याला उंबर आहे, त्याच्या खाली आमचा जागेवाला. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा. गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला मागणं, घालणार घाडीभाऊजी, वहिनीचे यजमान, आणि मागं सगळे होय म्हाराजा म्हणणार; चाळ कमिटीचे सेक्रेटरी पण तेच. कोंबडा गावठीच पायजे, तुरा शाबूत, शेपूट शाबूत, दोन्ही डोळे धड. त्याच्यापुढं तांदूळ ठेवतात. त्यानं आपल्या मनानं टिपले तर देवाला मान्य. म्हणून दरवर्षी एक चांगला कोंबडा मी त्यासाठी वाढवायची. मी खाते हो कोंबडी, खोटं कशाला बोलू. पण मारायच्या आधी तिला जगू दिलं की नाही हे माझ्या आयेच्या घरात विचारत होते.

आता घाण ऐक. कमिटीची मीटिंग झाली, आणि ठरलं की मागची जागा सिमेंट करून कॅरमची शेड घालायची. चार रिकामटेकड्यांना कॅरम. मी म्हटलं आणि माझ्या कोंबड्या? तर म्हणे वास येतो. वास! संडासाच्या रांगेत उभं राहून ही माणसं मला वासाचं सांगत होती, ज्या संडासात दोन दिवस पाणी नव्हतं आणि एकानंही बादली उचलली नव्हती. माझ्या राखेच्या कोपऱ्याला वास नव्हता. मी बोलले तसं. तर घाडीभाऊजी उठले आणि म्हणाले, गो आनंदी, माणसांक जागा नाय, नि कोंबड्यांक खंयसून आणू? दहा बाय दहात आठ माणसां रवतत. सगळे हसले. टाळ्या पण वाजवल्या. माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण खरंच होतं, माझ्याच खोलीत आम्ही सहा.

भाऊजींनीच मला उपाय सांगितला. आंब्याच्या पेट्या. गावाहून येतात त्या लाकडी, दोन एकमेकींना ठोकायच्या, पुढं जाळी, जिन्याखाली मोरीजवळ ठेवायच्या. आणि मी हो म्हटलं, मागची जाळी पण काढून दिली, तिथं शेडचे बांबू लागले. हे पण लिही, माझं वगळू नको. मला वाटलं, डालग्याखाली नाही का बसत रात्रीची? तशी दिवसाची पण बसेल. आये असती तर तोंडात मारली असती. रात्रीची कोंबडी झोपते. दिवसाची कोंबडी झोपत नाही, तिला काम असतं.

तुला सांगते, आंबा पेटीत भरताना आम्ही मधी पेंढा घालतो, का? तर एकमेकाला लागू नये, डाग पडू नये. निर्जीव आंब्याची एवढी काळजी. आणि त्याच पेटीत मी नऊ जिवंत जीव घातले, एकमेकांच्या अंगावर, आणि बाहेरून कडी लावली.

पहिल्या आठवड्यात अंडी बंद. मग दिलं एखादीनं तर बाकीच्या फोडून खायच्या, आपलंच अंडं. उकरायला माती नाही म्हणून एकमेकीची पिसं उपटायला लागल्या. एक अशक्त होती तिला मागून टोचून टोचून, मला सांगवत नाही, तिचं मांस दिसायला लागलं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या सगळ्या त्याच जागी. पळून जाणार कुठं? दुसरं टोकच नव्हतं. ती मेली तेव्हा बाकीच्या तिच्यावर उभ्या होत्या, कारण उभं राहायला तीच जागा होती. मला शिसारी आली. कोंबड्यांची नाही, माझी. आणि आता वास सुटला, खराखुरा, ओल्या विष्ठेचा, सगळ्या जिन्यात. तेव्हा कमिटीवाले नाकाला रुमाल लावून म्हणाले, बघ, आम्ही सांगत होतो ना वास येतो!

ह्यांना म्हटलं काहीतरी करा. हे म्हणाले, अगो गप रव, चाळीत रवाचा आसा आपणांक. ह्यांचं पण चुकलं नाही, नोकरी गेलेला माणूस कोणाशी भांडायला घाबरतो. पण मी काही त्या दिवसांत ह्यांच्याशी धड बोलले नाही.

राखणेचा दिवस आला. घाडीभाऊजी धोतर नेसून, हळदकुंकवाचं ताट घेऊन, मागं सगळी चाळ. आनंदी, कोंबडो दी. जणू काही झालंच नाही. मी त्यांना जिन्याखाली नेलं. पेटीची कडी काढली आणि म्हटलं, घ्या, तुमच्या हातानं काढा.

त्यांनी हात घातला आणि बाहेर काढला तो कोंबडा. तुऱ्याचा अर्धा भाग नाही. शेपूट नाही. पाठ सोललेली, लाल. एक डोळा फुटून चिकटलेला. जमिनीवर ठेवला तर पाय मुडपून बसला, उभं राहायची सवयच गेलेली. भाऊजींनी पुढं तांदूळ ठेवले. त्यानं टिपले नाहीत. हात पुढं आला की मान पोटाखाली घालायचा. परत ठेवले. परत तेच. बायकांनी पोरांना मागं ओढलं. 

मग कोणीतरी म्हणालं, स्टेशनाकडून ब्रॉयलर आणूया. आणला. पांढराफेक, दुकानातल्या पिंजऱ्यातला. तो तर धापा टाकत आडवाच झाला. आता दोन बसले समोरासमोर, एक माझा, एक बाजारातला, आणि मधी देवाचे तांदूळ. मला हसू आलं. खरंच आलं. मी म्हटलं, भाऊजी, घाला आता गाऱ्हाणं. सांगा देवाला, बा म्हाराजा, आम्ही वर्षभर तुझ्याकडं राखण मागतो आणि आमच्या जिन्याखाली एवढासा जीव होता त्याचं हे केलं. सांगा ना. मी म्हणते होय म्हाराजा.

भाऊजींचा चेहरा पडला. घाडीवहिनी पुढं आली, आपल्या नवऱ्याला सगळ्यांच्या समोर म्हणाली, तुमका लाज नाय वाटली? माझ्या चेडवान हिच्या हातची अंडी खाल्ली. एवढंच. पण तिनंच जाऊन कॅरमच्या शेडचा पहिला बांबू उपटला. जागेवाल्याला त्या वर्षी नुसता नारळ दिला.

दुसऱ्या दिवशी कमिटीनं जागा परत दिली, सगळी नाही, निम्मी. सिमेंट अजून पडायचं होतं म्हणून ती वाचली. मला लोक म्हणतात, बघ, शेवटी चांगली माणसं. कसली चांगली? कोंबडीची दया आली म्हणून नाही दिली. देव कोपेल म्हणून दिली. देवाला धड कोंबडा लागतो म्हणून कोंबड्याला जागा. उद्या देवाला लंगडा चालला असता तर अजून पेटीतच असत्या. मला ह्याची किळस येते आणि येत राहणार. पण जागा मी घेतली. कोणत्या कारणानं दिली हे कोंबडीला कळत नाही.

जाळी परत पुरली, आणि त्याच दिवशी पेटी नेऊन आत ठेवली, दार उघडलं. एकही बाहेर येईना. उघड्या दारात उभ्या, बाहेर बघतात, आत सरकतात. मी तिथंच मातीत बसले. बऱ्याच वेळानं एकीनं पाय बाहेर ठेवला, परत घेतला, परत ठेवला, आणि उकरलं. एकदाच. मग थांबली, जणू कोण ओरडतंय का बघितलं. मग जी सुटली! आणि कोंबडा सगळ्यात शेवटी, फरफटत, थेट राखेच्या कोपऱ्यात गेला आणि एका कुशीवर पडून राख अंगावर घ्यायला लागला. मी रडले, त्यात लपवायचं काय.

तो अजून आहे. एका डोळ्याचा. देवाला चालणार नाही आणि त्याला कापायला माझा हात चालणार नाही, म्हणून म्हातारा होतोय. सगळ्या चाळीत त्या एकट्यानंच फायदा करून घेतला म्हण.

आता गेल्या आठवड्यात खालच्या चाळीतली एक बाई आली. नवीन लग्न झालेली, चार तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घेतल्यात म्हणाली. तुमच्याकडं आंब्याच्या पेट्या पडून आहेत म्हणे, द्याल? मी तिला मागं नेलं, जाळी दाखवली, पुरलेली दाखवली, वरचं जाळं दाखवलं. ती बघतच राहिली. म्हणाली, अगंबाई, मावशी, एवढी जागा कोंबड्यांना? आम्ही दहा बाय दहात सात जणं आहोत ना!

तेच वाक्य. पण ह्या वेळेला माझ्याकडं उत्तर होतं, इतकी वर्षं मनात घोळवलेलं. मी म्हटलं, बाय, तुझ्या खोलीची कडी कुठून आहे? म्हणाली, आतून. म्हटलं, पेटीची बाहेरून असते. तेवढाच फरक आहे, पण तो जाऊन नवऱ्याला पण सांग.

पेट्या मी कधीच फोडून चुलीत घातल्यात. तिला उरलेली जाळी दिली, आणि खाली हातभर पुरायची हे तीनदा बजावलं. सुखी राहा म्हटलं. तिला म्हटलं, आणि तिच्या चार तलंगांना पण.