मंडप हाय, लग्न नाय

हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्याने बोल गो, खाली कापडाचे लूम चालू हायत, काय ऐकू येत नाय… कोण, दिपाली? मग नाव सांग ना आधी. दिघाशीवरून बोलतेस?… बरं. तुझा नवरा, आमचा रघू कसा हाय?

काय?

कोण रुसलाय?… माझ्यावर? माझा सख्खा भाऊ माझ्यावर कशाला रुसेल, काय केलंय मी त्याचं?… थांब, थांब. तुझी रेंज जाते. गच्चीवर जाऊन बोल… नको, बरं. तिथूनच बोल, खिडकीत ये जरा… हां. आता बोल.

लग्न? कोणाचं लग्न?

आमच्या मृणालीचं…

नाय गो, हसत नाय मी… बरं, हसते. अगो, माझ्या पोरीचं लग्न ठरलं असतं तर मला नको होतं माहीत?… लपवत नाय. टेमघरच्या गावदेवीची शपथ. तुला कोण बोललं?

आक्का? खारबावची आक्का, लग्नात धवले गाणारी धवलारीण?… हां… हां… तिला मुंबईवरून नारळ-सुपारी आली. बरोबर… धवले म्हणायला बोलावलंय, बरोबर… मंडप घालणार. हो, घालणार… तीनचारशे माणूस, जेवण. तेपण खरं हाय.

सगळं खरं हाय, फक्त लग्न नाय.

कसं म्हणजे काय? मंडप हाय, धवले हायत, जेवण हाय, लग्न नाय… ते मला नको शिकवूस दिपाली. धवलारीण आल्याशिवाय आपल्यात हळद लागत नाय, मला माहीत हाय. माझ्या हळदीला आक्काच्या सासूनं धवले म्हटलेत, तेव्हा तू फ्रॉकात होतीस.

हो, हो… अगं ऐक ना. ऐक आधी. मृणाली जिथं काम करते ना, ती संशोधनाची संस्था… तीच, मुंबईची, समुद्राजवळ. तिथं दर फेब्रुवारीत विज्ञान दिन करतात. तीन दिवस फाटक उघडं, कोणी पण यावं. दिवसा व्याख्यानं, संध्याकाळी गाणीबजावणी… व्याख्यानं गो. भाषणं. पण मतं मागायची नाय, माहिती द्यायची.

पहिल्या दिवशी एक म्हातारे सर ताऱ्यांवर बोलणार हायत. दुसऱ्या दिवशी एक बाई झोपेवर… झोपेवरच. माणसाला झोप का लागते, त्यावर… हो, आपल्या बाबांना घेऊन जा, ते समोर बसून करूनच दाखवतील.

आणि संध्याकाळी ते शास्त्रज्ञ लोक स्वतः नाटक करतात. मी बघितलं ना मागच्या वर्षी. राजा झालेला माणूस दिवसभर कसल्या तरी मशीनवर असतो, चार देश फिरून आलेला. आणि स्टेजवर अर्धी मिशी गळून पडली त्याची. दुसऱ्या अर्ध्या मिशीवर त्यानं राज्य केलं, पण थांबला नाय. एवढी मोठी माणसं, पण अंगात मस्ती नाय बघ. मला खुर्ची आणून दिली त्या राजानं.

हां, तेच सांगते. शेवटच्या दिवशी आपली मृणाली. मराठीतून बोलणार, एक तास. आणि तिचं झाल्यावर आक्काचे धवले. त्यांना आपल्या भागातलं काहीतरी पाहिजे होतं, तर हीच बोलली, आमच्या आक्काला बोलवा. पण फोनवर बोलवू नका, धवलारणीला फोनवर बोलवत नाय, नारळ-सुपारी घेऊन घरी जायचं. शिकून एवढी मोठी झाली पण रीत विसरली नाय पोरगी. आता तिच्या रीतीनंच घोटाळा केला, त्याला मी काय करू?

कोण कुणाल?

नवरा? अगो देवा… अगो, तो त्यांच्या कार्यक्रमाच्या कमिटीतला पोरगा. तो सुपारी घेऊन गेला होता… बोलला असेल, मंडपाची काळजी करू नका, मंडप माझ्याकडे हाय. कारण मंडपाचं काम त्यालाच दिलंय… आणि आक्कानं काय समजलं? नवऱ्याकडचा मंडप. म्हणजे हाच नवरा… गोरा हाय, उंच हाय, मी कुठे नाय बोलते? पण त्याची पोरगी बालवाडीत जाते, दिपाली.

हां, आता तू हस.

एक मिनिट हां… सलीमभाई, वो धागे का बीम दरवाजे में मत रखो, शेठ गिरेंगे… तुला नाय गो, कारागिराला बोलले. बोल.

किती लोकांना सांगितलं?… अख्ख्या दिघाशीला. वा. … आणि रघूनं काय काय केलंय?… शालू घेतला? कुठून?… भिवंडीतून? म्हणजे माझ्या दारावरून गेला आणि वर आला नाय?… बस पण ठरवली?… बेंजो? बेंजोवाल्याला कशाला सांगितलं आत्ताच?

रुसायचं पण, आणि शालू पण घ्यायचा. असाच हाय तो. लहानपणी माझ्याशी भांडायचा आणि माझ्या वाटणीची बोरं खिशात सांभाळून ठेवायचा.

दे त्याला फोन… नाय घेत? तिथंच बसलाय ना?… भिंतीकडे तोंड करून. बरं. बसू दे.

काय बोललीस?… हळू नको बोलूस, बोल सरळ… लोकांना काय सांगायचं. हां… तिशीला आली पोरगी, निदान आता तरी उजवली असं वाटलं होतं. कोण बोललं हे, तू की रघू?… दोघं. बरं.

दिपाली, तिचं वय मला माहीत हाय. तिला मी जन्म दिलाय. हळदीला गेले की बायका मला विचारतात, तुझीला कधी, आणि मी पानात वाढलेल्या भाताकडे बघत बसते. मला पण वाटायचं. अजून पण वाटतं कधीकधी, खोटं कशाला बोलू?… नाय, नाय, तुझ्यावर रागवले नाय.

तुझ्या मोबाइलला तो स्पीकर हाय ना? चालू कर… कर तर. त्या भिंतीकडच्या माणसाला पण ऐकू दे… केलास?

गेल्या रविवारी मृणाली घरी आली होती. दुपारची लाईट गेली, लूम बंद. कारागीर सगळे अंगणात बसले होते विड्या फुंकत. ही बोलली, आई, मी जरा भाषण बोलून बघते, कोणीतरी समोर पाहिजे. आणि गेली खाली त्यांच्यासमोर. ओढणी कमरेला बांधली आणि सुरू झाली.

आपल्या खाडीच्या गाळावर बोलते ती. त्या गाळात जीव असतात गो, डोळ्याला न दिसणारे. तिथं वारा नाय, ऊन नाय, तरी जगतात. आणि वरनं येऊन पडलेली घाण खाऊन तिची माती करतात. आपण नाक दाबून जातो ना पुलावरून, तर ती बोलली, खाली तुमचं काम कोणीतरी करतंय. मराठीत बोलायची, मग सलीमभाईंसाठी तेच हिंदीत. मी वर खिडकीत, चहाचं भांडं हातात.

सलीमभाईंनी विचारलं, बेटी, वो मरते कब हैं? तर बोलली, चाचा, खाना बंद हुआ तो मरते नहीं, सो जाते हैं, बाद में फिर उठते हैं. तर सलीमभाई काय बोलले माहीत हाय? शेठ को मत बताना बेटी, हमको भी वैसा ही रखेंगे. सगळे हसले. हे पण हसले, पायरीवर बसून. हो, तुझे भावोजीच. केसरीनाथ शेठ.

आणि मग लाईट आली.

तुला माहीत हाय ना, लाईट आली की आमच्याकडे काय होतं. ताटावरचा माणूस उठून पळतो. हे पळाले पण, सवयीनं, मेन स्विचपर्यंत गेले. कारागीर उठायला लागले. आणि तिथनं हात वर करून हे बोलले, रुको. बैठो सब. लडकी का होने दो.

ऐकतेस ना? लाईट असून लूम बंद. सासूबाई गेल्या तेव्हा बंद होते, त्यानंतर आता. मृणालीचं संपेपर्यंत ते तिथंच स्विचजवळ उभे होते, आणि सगळे गप. अंगणात नुसता तिचाच आवाज. मी जिन्यात बसले आणि रडले गो. दुःख नव्हतं. एवढी लेक आपली हाय, हेच मला मावत नव्हतं.



मला एक सांग दिपाली. लग्नात नवरीला कोण तासभर बोलू देतं? तुझ्या लग्नात तू काय बोललीस, आठव… नाव घेतलंस. हां. तेवढंच ना? मी पण तेवढंच. आपल्याला आयुष्यात एकदा सगळ्यांनी गप बसून ऐकलं, ते नवऱ्याचं नाव घेताना. माझी पोरगी तासभर बोलणार हाय, आणि चारशे माणूस गप बसून ऐकणार हाय. मग मंडप घालायचा नाय तर काय करायचं?

हॅलो… दिपाली?… कोण?

रघू.

भिंत सोडलीस? मग ऐक आता.

आक्काला खरं काय ते मी सांगते आजच. काय बोलेल माहीत हाय? घेतलेली सुपारी परत करत नाय बाय, पोरीला बघून म्हणते काय म्हणायचं ते… हो, ती येणारच. तू काय करतोस ते बोल.

बस का रद्द करायची?… समजायचं काय त्यात, मला तरी कुठं सगळं समजतं? तू जा, बस, तिच्या तोंडाकडे बघ. तेवढं समजलं तरी पुष्कळ… तिनं पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मागून ठेवल्यात. एक बापाची, एक मामाची… नाय, मी सांगून नाय. तिनं स्वतः मागितल्यात, मला नंतर कळलं… मी? मी मागं उभी राहणार. मला बसून ऐकवत नाय तिचं.

शालू घेऊन ये ना. शालू कशाला परत करतोस? नेसवते मी तिला… रंग कोणता?… जांभळा. तिला शोभेल. शालू नेसून खाडीच्या गाळावर बोलू नये असं कुठल्या शास्त्रात हाय?

बेंजो नको. नको रे… अरे, तिथं नाजूक मशिनी असतात, तुझ्या बेंजोनं हलतील त्या… फाटकाबाहेर? किती वेळ?… बरं, फाटकाबाहेर. दोनच गाणी. आणि मी काय बोलले नाय हां, तूच आणलास.

लोकांना? लोकांना खरं ते सांग… काय लाज? कसली लाज रघू? लग्न नाय म्हणून सांग… मग कशाला चाललो म्हणून विचारतील, विचारू दे. सांग, भाची बोलणार हाय, मामा ऐकायला चाललाय… हां, एवढंच. अजून काय सांगायचं असतं?



काय?… दोन बस? दोन कशाला?… अरे, लग्नाला येणारे निम्मे गळतील ना आता, तू उलट… रघू, ऐक, आधी एक भरते का ते बघ, मग दुसरी… कोण पोरी?… गावच्या शाळेच्या. सगळ्या?… अरे हो, पण त्यांच्या बाईंना आधी विचारलंस का… रघू?… हॅलो?

ठेवला. गेला बसवाल्याला फोन करायला.