आमचं ठरलंय

(शस्त्रक्रियेचा आदला दिवस. वॉर्डाच्या टोकाची खाट. नवरा सुतार, सोफ्यांचे सांगाडे करतो. बायको त्यांवर गाद्या चढवते.)

गादीवाली : ...आणि पेन घेऊन आलेली ती पोरगी मला म्हणते, 'ताई, पूर्ण स्तन काढायचं तुमचं ठरलंय ना, म्हणून इथून इथपर्यंत खूण करते.' मी म्हटलं, ठरलंय? कुणाचं ठरलंय?

सुतार : अगं, हळू बोल. शेजारच्या खाटेवर माणसं आहेत.

गादीवाली : असू देत! ऐकू देत त्यांनाही. म्हणते, 'नुसती गाठ काढायचा पर्याय होता, पण तुम्हाला नको होता.' अहो, मला नको होता? असा काही पर्याय असतो हेच मला आत्ता कळतंय!

सुतार : तू आधी पाणी पी.

गादीवाली : पाणी नकोय मला. तुम्हाला माहीत होतं?

सुतार : हा पेला घे. आधी घोटभर पी.

गादीवाली : अगं बाई! माहीत होतं!

सुतार : होतं. त्या दिवशी तू रक्त द्यायला खाली गेली होतीस ना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दोन रस्ते आहेत म्हणाल्या. घरी बोला आणि मला कळवा.

गादीवाली : मग बोलला का नाहीत? रोज समोरासमोर बसून जेवतोय आपण. मीठ कमी आहे म्हणून सांगायला तोंड उघडतं तुमचं!

सुतार : त्यात बोलायचं काय? वाळवी लागलेल्या फळीला मी कधी ठिगळ लावलंय? एक कोपरा पोखरलेला दिसला की अख्खी फळी फेकतो. तिथं विचार करायचाच नसतो. मी सांगून टाकलं त्यांना, सगळं काढा, आमचं ठरलंय.

गादीवाली : आमचं ठरलंय! वा रे वा! गिऱ्हाइकाला सांगता तसंच. 'तपकिरी कापडच घ्या, आमचं ठरलंय.' मी आत पिना ठोकत बसलेली, आणि बाहेर तुम्ही ठरवून मोकळे. त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. कापड होतं ते. हे माझं अंग आहे हो!

सुतार : तू वाचावीस म्हणूनच केलं ना.

गादीवाली : ते कळतंय मला. विचारलं का नाही, ते सांगा.

सुतार : विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस, नुसती गाठ काढा, तर?

गादीवाली : तर काय?

सुतार : तर मला नाही म्हणता आलं नसतं. तुला नाही म्हणणं मला कधी जमलंय? आणि मग माझ्या आईसारखं झालं असतं तर? तिची गाठच काढली होती तेवढी. घरी आली, हसली, आम्ही सगळे निर्धास्त. वर्ष सरलं नाही तोवर परत आलं. उशाशी मी बसलेलो होतो, तू नव्हतीस. मला भीती वाटते गं. फार भीती वाटते.

गादीवाली : भीती वाटते, मग भीती वाटते म्हणा! भीतीपायी माझं परस्पर कापायला काय निघालात?

डॉक्टर : (खाटेजवळ येत) काय झालं, ताई? खूण करू देत नाही म्हणालात म्हणे?

गादीवाली : डॉक्टरीणबाई, एक सांगा. नुसती गाठ काढून भागत होतं?

डॉक्टर : म्हणजे? तुम्हीच तर नको म्हणालात.

गादीवाली : मी नाही म्हणाले. हे म्हणाले.

डॉक्टर : थांबा, थांबा. तुम्हाला हे ठाऊकच नव्हतं? दादा, तुम्ही मला 'आमचं ठरलंय' असं सांगितलंत. मी दोघांचं समजले. नंतर ताई, मी तुम्हालाही विचारलं, काही शंका आहे का.

गादीवाली : मला वाटलं, या रोगावर एवढाच इलाज असतो. शंका कशाची काढणार, कपाळ?

डॉक्टर : चूक माझी आहे. तुम्हाला समोर बसवून सगळं सांगायला हवं होतं. आता सांगते. तुमची गाठ लहान आहे, एकाच जागी आहे. ती आणि तिच्या भोवतीचा थोडा चांगला भाग काढायचा, आणि जखम भरली की काही आठवडे रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार घ्यायचे. नाहीतर पूर्ण स्तन काढायचा. मग रेडिएशन बहुतेक लागणार नाही. रोग पुढं पोचलाय का ते बघायला काखेतल्या एकदोन ग्रंथी दोन्हींत तपासायच्या. पुढची औषधं रिपोर्ट बघून ठरतील. आयुष्याच्या दृष्टीनं दोन्ही रस्ते सारखेच.

सुतार : सारखेच? अहो, असं कसं? उरलेल्यात राहिलं असेल तर? माझ्या आईची गाठच काढली होती, वर्षाच्या आत परत आलं.

डॉक्टर : उरलेल्या भागात परत येण्याची शक्यता थोडी जास्त असते, शून्य नाही म्हणणार मी. त्यासाठीच रेडिएशन, त्यासाठीच दरवर्षी तपासणी. पण म्हणून बायका कमी जगत नाहीत. तुमच्या आईंना दिलं होतं रेडिएशन?

सुतार : नाही. गाठ काढली आणि घरी पाठवलं.

डॉक्टर : मग त्यांच्यावरून ताईंचं ठरवू नका.

सुतार : मला... मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही. तुम्ही सांगायला लागलात, आणि मला नुसती आई दिसत होती.

गादीवाली : शाबास! ह्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. छान जोडी जमलीये. बरं, गाठीच्या कडेला आणखी काही सापडलं तर?

डॉक्टर : तर पुन्हा थोडं काढावं लागेल. क्वचित पूर्णही.

गादीवाली : आणि गाठीकडचा हा डावा हात? कापड ताणायला मला तोच लागतो.

डॉक्टर : दोन्हींत व्यायाम करावा लागतो. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रोज थोडी अजून वर. सुरुवातीला ओढायची-ताणायची कामं बंद. हाताला सूज आली तर लगेच मला दाखवायचं. आणि उद्याचीच घाई नाही, ताई. थोडे दिवस घ्या हवं तर. त्यानं काही बिघडत नाही.

गादीवाली : एका जागी उसवलं म्हणून मी सगळा सोफा सोलत नाही. पण जाऊ दे, मी सोफाही नाही आणि ह्यांची फळीही नाही. नुसती गाठ काढा. किरणं घ्यायला मी रोज येईन. आणि पुढं काही सापडलं तर मला विचारा. मला.

डॉक्टर : नक्की? घरी बोलायचं असेल तर...

गादीवाली : घरातलं माणूस हे काय, समोर उभं आहे. बोला हो, आता तरी बोला.

सुतार : मला अजूनही भीती वाटतेय.

गादीवाली : मलाही वाटतेय. मी काय दगड आहे?

डॉक्टर : मी खूण करणाऱ्या मुलीला पुन्हा इकडे पाठवते. नाही, मीच येते.

सुतार : ऐक ना. घरच्या भिंतीवर, व्यायामात बोटं कुठवर गेली ते कळायला खुणा लागतील. त्या मी करीन. रोज करीन.

गादीवाली : कानावरची ही पेन्सिल इथंही घेऊन आलात?

सुतार : लक्षातच आलं नाही.

गादीवाली : द्या इकडे. खुणा माझ्या मी करीन. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.