फुंकून बघितलेली छाती

हॅलो?… हॅलो, भिंगरी? अगं, किती वेळ रिंग वाजतेय. कुठे होतीस?

वहिनी बोलतेय गं, दुसरं कोण. बस आधी. बसलीस? ऐक. तुझ्या दादाचा रिपोर्ट आला…

हो, हो, आत्ताच. दवाखान्याच्या दारातनंच फोन करणार होते, पण तिथे रेंजच मिळेना. घरी आले, चहाचं आधण ठेवलं, म्हटलं पहिला फोन आमच्या नणंदबाईंना.

चांगला गं, चांगला आहे. डॉक्टरीणबाईंनी मशीनचा पडदा आमच्याकडे वळवला. मागच्या वेळी त्याच पडद्यावर हृदय कसं नुसतं डुलत होतं, आठवतं? आज मूठ आवळावी-सोडावी तस्सं चाललं होतं. आणि मी लागले रडायला. चारचौघांत. तुझा दादा म्हणतो, अगं वेडे, चांगलं सांगतायत त्या…

तू धापा का टाकतेयस?… कपडे वाळत घालत होतीस? बरं, दम खा.

नाही, कामाला लगेच नाही. गोळ्या चालू, जड उचलणं बंद. पण जिवावरचं टळलं.

अगं तेच मी विचारलं. म्हटलं, बाई, साधा फ्लू. घरात सगळ्यांना झाला, सगळे उठलो. यांच्याच हृदयावर का? तर म्हणाल्या, कुणाला होईल ते सांगता येत नाही. विषाणू शिरतो नाकातनं, पण कधीकधी थेट हृदयापर्यंत जातो. नाहीतर त्याच्याशी लढता लढता आपलं शरीरच हृदयाच्या स्नायूला सूज आणतं. आणि आपण खोकला गेला की म्हणतो, सुटलो बाबा…

हो ना, आणि तुमचं तर काच फुंकणाऱ्यांचं घराणं. ताप उतरला की बाबा हातात फुंकणी देणार. काचेचा गोळा नीट फुगला की छाती खणखणीत, चल भट्टीवर.

या वेळीही दिली होती तर फुंकणी. केवढा फुगवला त्यानं, कलिंगडाएवढा. बाबा खूश. आणि रात्री हा माणूस उशांचा डोंगर रचून बसून झोपायचा. आडवा झाला की घुसमटायचा. पाय टम्म. मी म्हणायची, दाखवू या. तर म्हणे, मी फुंकलं ना, छाती ठीक आहे. अगं, फुप्फुसं ठीकच होती. आग शेजाऱ्याकडे आणि आम्ही आपल्याच भिंती चाचपतोय.

बाबा? बसलेत भट्टीशी. दवाखान्यात चला म्हटलं, तर भट्टी सोडून कसा येऊ म्हणे. तुला माहितीये, तुझ्या लग्नातसुद्धा जेवायला थांबले नव्हते. रिपोर्ट सांगितला, नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि पाठ फिरवली. आतल्या आत खातंय त्यांना…

भिंगरे, तू अजून धापा टाकतेयस. कपडे वाळत घालून कुणाला एवढा दम लागतो?

फ्लू? कधी?… आणि मला आत्ता सांगतेस? नाही, ‘पण गेला ना’ हे नको सांगू मला… झोप लागते? खुर्चीत? खुर्चीत का गं?… बरं. पायांकडे बघ. बघ म्हणते ना. घोट्यावर बोट दाब… खड्डा पडला? भरला का परत?… अजून नाही?

काय फुगवलं म्हणालीस? पोराच्या वाढदिवसाचे फुगे?… आणि फुगले म्हणून तू निश्चिंत. वा. बापाची लेक शोभतेस खरी.

घाबरवत नाहीये मी. काही नसेलही, देव करो नि नसोच. पण ते फुगा नाही ठरवणार. उद्या नाही, आत्ता. स्कूटर तू चालवायची नाहीस, जावईबापूंना हाक मार… भाजी राहू दे अर्धीकच्ची, गॅस बंद कर. तिथे सांग, फ्लू होऊन गेला, आता दम लागतो, आडवं होववत नाही, भावाच्या हृदयाला सूज आली होती. आणि ‘मला काही होत नाहीये’ असं तोंडातनं काढलंस तर गाठ माझ्याशी आहे…

थांब, बाबा आलेत. हो बाबा, भिंगरीच. तसाच दम. हो, पाय पण. नाही ना दाखवलं, फुगे फुगवून बघितले तिनं… घ्या, तुम्हीच बोला.

घेत नाहीयेत गं. निरोप सांगतायत. ऐक, जसाच्या तसा सांगते. ‘फुंकून बघू नकोस, पोरी. माझं चुकलं. दाखवून ये.’

ऐकलंस?… रडू नकोस, दम लागेल. जावईबापूंना दे फोन.

हं जावईबापू, ख्यालीखुशाली नंतर, आधी गाडी काढा. तिला एक पायरी चढू देऊ नका. मी येतेय… नाही, तुझ्या दा— अहो, तिचा दादा नाही येणार, तो बाबांच्या जागी भट्टीशी नुसता बसून राहील.

एकटी कशी येईन? बाबा दारात उभे आहेत. चपला घातल्यासुद्धा त्यांनी. ठेवते.