भिंतीलगतचं मेस्किट

मार्चमधला शनिवार होता, वाळवंटातल्या टूसॉन शहरातल्या रोपवाटिकेत ही मोठी रांग. रांगेत मारिसेलाच्या पुढे म्हातारी हेर्लिंडा आणि तिच्या शेजारच्या घरातला म्हातारा एउस्ताकिओ उभे होते. ऐकायचं नाही असं ठरवूनही तिला त्यांचं सगळं ऐकू येत होतं.

"अहो शेजारी, हिरवळ खरंच उपटलीत?"

"सगळी. तीस वर्षं मी भर दुपारी पाणी घातलं, पाणी वाया घालवतो म्हणून तुम्ही शिव्या घातल्या. दमलो बुवा."

"मी नाही दमले. हे मेस्किटचं झाड लावणार कुठे?"

"तुमच्या अंगणाच्या भिंतीलगत."

"छे! तुमच्या घराच्या पश्चिमेला लावा, दुपारचं ऊन अडेल. आणि पाणी बुंध्याशी ओतू नका. जरा लांब, सावकाश, खोल मुरू द्या."

"पाण्याचं कळलं. झाड मात्र भिंतीलगतच."

"अहो, तिथे लावलंत तर संध्याकाळची सावली माझ्या अंगणात पडेल!"

"माहीत आहे."

"मग?"

"तुम्ही संध्याकाळी तुमच्या अंगणातल्या बाकावर बसता तेव्हा तोंड वाकडं असतं. उन्हामुळे की माझ्यामुळे, ते एकदाचं कळू दे."

हेर्लिंडाने त्याच्या कुंडीतल्या झाडाकडे एकदा पाहिलं. रांग दोन पावलं पुढे सरकली.

"सावली पडायला आठ वर्षं लागतील. तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे."

"म्हणून तर मोठ्या कुंडीतलं घेतलं."

"ठेवा ते परत. लहान रोप घ्या, ते मूळ लवकर धरतं."

"आणि सावली पडेपर्यंत?"

"तोवर तुम्हीच या माझ्या बाकावर बसायला. छत्री तुम्ही धरायची."