मोबाईलसमोरचा पदर

साताऱ्यातून उंब्रजकडं एसटी निघाली आणि पुढच्या सीटवरच्या सासू-सुनेचं बोलणं असं रंगलं, की मागं बसलेल्या उमानं कानातले इअरफोन काढून हळूच पर्समध्ये टाकले.

“आत्या, आता तरी मोकळं हसा की. गळ्याची गाठ साधी हाय, कॅन्सर न्हाई. आपल्या साताऱ्याच्या डॉक्टरांनी मोबाईलवर जोडून दिलेल्या जर्मनीतल्या डॉक्टरांनीबी रिपोर्ट बघून तेच सांगितलं.”

“हसतीय गं. पर त्यो डाक्टर काय म्हनला आसंल? तिकडनं मोबाईलवर माजा गळा बघाय बसलाय, आन मी पदर गच्च लपेटून!”

“आपले डॉक्टर सांगून सांगून दमले, ‘मावशी, गाठ दिसू द्या.’”

“परक्या बाप्याम्होरं पदर कसा काढायचा? जलमात काढला न्हाई.”

“म्हणून तर त्या जर्मन डॉक्टरांनी त्यांच्या बाईडॉक्टरला बोलावलं.”

“लय गुणाची बाई! ती बोलली त्यातलं मला अक्षर कळलं न्हाई.”

“मग तिच्याम्होरं बरा काढला पदर?”

“आगं, तिच्याबी गळ्यात लोकरीचा मफलर व्हता. तिनं माज्याकडं बघितलं, हासली, आन आदी सोताचा मफलर सोडला. मग मी कशाला आडून बसू?”

“आन शेवटी फोन ठेवताना तिला हातवारे करून काय सांगत व्हतासा?”

“म्हनलं, बाई, झालं न्हवं माजं बघून? मग बांध आता त्यो मफलर. तुज्या मागच्या खिडकीत समदा बरफ दिसतोय.”